हात फ्रेमच्या आत: एका लघुपटाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातल्या अकरा जणांनी वर्गणी काढून एक शॉर्ट फिल्म केली. मराठी, १९ मिनिटांची. मी तिच्यात सहायक दिग्दर्शक होते, आणि शेवटी 'तुझं मराठी बरं आहे' म्हणून सबटायटल्सही माझ्याच गळ्यात पडली. माणसांची, गावाची आणि फिल्मची नावं इथे गाळली आहेत.

गोष्ट अशी. तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर एका सत्तावीस वर्षांच्या कर्णबधिर बाईचं झेरॉक्सचं दुकान आहे. वडील वारले आहेत. धाकट्या भावाला जमीन विकायची आहे आणि त्यासाठी हक्कसोडपत्रावर बहिणीची सही हवी आहे. हक्कसोडपत्र म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला, आणि भाऊबीजेच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवायची पद्धत त्यानंतरही काही मोडली नाही.

मूळ पटकथेत ती मुकाट्याने सही करते. जमीन विकली जाते. आलेल्या पैशातून भाऊ तिच्या कानाचं ऑपरेशन करतो. शेवटच्या शॉटमध्ये कानाचं मशीन सुरू होतं, भाऊ 'ताई' अशी हाक मारतो, ती डोळे मिटते, बासरी. पहिल्या वाचनाला आमच्यातल्या चौघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही.

दिग्दर्शकाची एक मावशी बधिर होती. ती घरभर राबायची आणि तिच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याची टोचणी त्याने लिहून काढली होती. हेतूत खोट नव्हती, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

अडचण कुठे दिसली

जानेवारी २०२४ मध्ये कुणाच्या तरी ओळखीतून एक सर वाचनाला आले. ते कर्णबधिर मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवतात आणि स्वतः जन्मापासून बधिर आहेत. सोबत दुभाषी होती. सरांनी पटकथा आधीच वाचली होती. त्यांनी चहा संपवला आणि पहिला प्रश्न विचारला: हिच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक किती प्रती हव्यात हे हिला कसं सांगतं?

आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. पटकथेत दुकान होतं, मशीन होतं, मशीनचा हिरवा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडणार होता, पण एकही गिऱ्हाईक नव्हतं. ती दुकानात बसून फक्त दुःखी होती.

दुसरा प्रश्न: हिला मैत्रीण नाही का? अख्ख्या पटकथेत हातांनी बोलणारं दुसरं माणूसच नव्हतं. मग ही भाषा शिकली कुणाकडून आणि बोलते कुणाशी?

तिसरा, ऑपरेशनचा. सरांनी शांतपणे समजावलं. जन्मापासून बधिर असलेल्या मोठ्या माणसाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं मशीन, बसवलं तरी ते ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी सुरू करतात. सुरुवातीला जे ऐकू येतं त्याचे शब्द होत नाहीत, नुसते आवाज असतात. लहानपणी बसवलं आणि पुढे काही वर्षं शिकवलं तर फायदा होतो, म्हणून सरकारी योजनाही प्रामुख्याने लहान मुलांसाठी आहे. 'भावाने ताई म्हटलं आणि हिला कळलं, असं होत नाही,' सर म्हणाले, 'आणि झालं असतं तरी, जमीन देऊन?'

शेवटचं वाक्य सांगताना दुभाषी क्षणभर अडखळली. सरांनी तिच्याकडे पाहून तेच पुन्हा, जरा सावकाश केलं.

आमच्या पटकथेत ती रस्त्यापलीकडे चाललेलं कारस्थान ओठांवरून वाचते असाही एक प्रसंग होता. सरांनी तीन शब्द नुसते ओठांनी म्हटले आणि ओळखायला सांगितलं. आम्हाला तिन्ही वेळा एकच शब्द दिसला. ते होते माय, बाय आणि पाय. प, ब, भ, म म्हणताना ओठ एकदा मिटले की आतला फरक बाहेर दिसत नाही. बधिर माणूस संदर्भावरून अंदाज बांधत जातो, आणि तेही समोरासमोर, उजेडात, ओळखीच्या माणसाशी. रस्त्यापलीकडून नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे साधारण ४५ माणसांमागे एक. आम्हा अकरा जणांच्या फोनमध्ये मिळून काही हजार नंबर असतील. त्यात बधिर मित्र किंवा मैत्रीण म्हणावं असं एकही नाव नव्हतं. फिल्म मात्र त्यांच्यावर लिहून तयार होती.

शब्दांबद्दलही त्याच दिवशी बोलणं झालं. पटकथेत सगळीकडे 'मूकबधिर' होतं. सरांनी त्यातल्या 'मूक'भोवती पेन्सिलने गोल केला. बधिर माणूस मुका नसतो, त्याला आवाज असतो आणि भाषाही असते. सरकारी कागदावर 'दिव्यांग' चालतं, आमच्या मंत्रालयात त्या नावाचा स्वतंत्र विभागही आहे, पण सरांना तो शब्द मखरात बसवल्यासारखा वाटतो. ते स्वतःला 'बधिर' म्हणवतात. इथे मी 'बधिर' आणि 'कर्णबधिर' दोन्ही वापरते आहे.

पटकथेचं काय करायचं

दिग्दर्शक दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, 'आपण माहितीपट करत नाही आहोत.' त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. प्रत्येक बारकाव्याची शहानिशा करत बसलं तर गोष्ट मरते, ही भीती कुठल्याही लिहिणाऱ्याला असते. पर्याय तीन होते. शेवट तसाच ठेवून बाकी तपशील दुरुस्त करायचे, विषयच सोडायचा, किंवा गोष्ट नव्याने लिहायची.

तिढा सोडवला तो सरांच्याच पहिल्या प्रश्नाने. गिऱ्हाइकाचा प्रसंग लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या या बाईच्या हातून आजवर शेकडो हक्कसोडपत्रं गेली असणार. 'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' हा मजकूर तिला तोंडपाठ असणार. गावात ज्या बाईला हा कागद सगळ्यांत नीट कळतो, तीच कागद न कळणारी बिचारी म्हणून आम्ही लिहिली होती.

नवा शेवट दुय्यम निबंधकाच्या कचेरीत लिहिला. दस्त करून देणाऱ्याने तो मान्य असल्याचं तिथे सांगावं लागतं. कारकून मोठमोठ्याने ओरडून विचारतो, 'मान्य आहे का?' भाऊ तिला मान हलवायची खूण करतो. सर म्हणाले होते, 'आम्ही मान हलवतो ती दरवेळी होकाराची नसते. समोरच्याने लवकर थांबावं म्हणून हलवतो.' आमची नायिका मान हलवत नाही. ती कागद घेते, रस्ता ओलांडून दुकानात जाते, त्याची एक प्रत काढून गल्ल्यात ठेवते आणि मूळ कागद सही न करताच भावाच्या हातात देते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १३ व्या कलमात मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने मिळवण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. फिल्ममध्ये त्या कलमाचा उल्लेख नाही. गल्ला बंद होतो, तेवढं पुरे.

बासरी गेली. बासरीवाल्याला अॅडव्हान्स दिला होता, तोही गेला.

भूमिका कुणी करायची

इथे खरी ओढाताण झाली. प्रायोगिक रंगभूमीवरची एक नावाजलेली अभिनेत्री तयार होती. ती असती तर फिल्म महोत्सवांत लक्ष गेलं असतं, आणि ज्यांनी सर्वांत जास्त पैसे घातले होते त्यांची तीच अट होती. तिने प्रामाणिकपणे तीन आठवडे खुणांची भाषा शिकायची तयारी दाखवली. दुसरा पर्याय बधिर अभिनेत्री शोधायचा. तिसरा, नायिका ऐकू येणारी करून बधिर व्यक्तिरेखा मैत्रिणीची ठेवायची, म्हणजे 'दोन्ही साधेल'. तिसरा पर्याय मांडणारी मीच होते, हे इथे नोंदवून ठेवते.

तीन आठवड्यांत खुणा पाठ होतील, भाषा येणार नाही, असं दुभाषीचं म्हणणं पडलं. भारतीय सांकेतिक भाषेत वाक्याची घडण वेगळी असते. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, नकार शेवटी येतो, आणि भुवया, मान, खांदे हे व्याकरणाचं काम करतात. भुवई चुकीच्या जागी उचलली की विधानाचा प्रश्न होतो. मराठी न येणाऱ्या नटाने संवाद घोकून म्हटले तर आपल्याला पहिल्या वाक्याला कळतं; बधिर प्रेक्षकालाही तसंच कळतं.

कुणीतरी म्हणालं, पण असा कलाकार पेलेल का? 'यलो' या मराठी चित्रपटाची आठवण निघाली. त्यात डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळने स्वतः काम केलं होतं आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला होता. तरीही वाद मिटला नाही. शेवटी दोघींची ऑडिशन घ्यायचं ठरलं.

सरांनी सुचवलेल्या पाच जणींमधून मिरजेकडची एक मुलगी आली. पॅकिंगच्या युनिटमध्ये काम करणारी, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मूकनाट्यं केलेली. शाळेत हातांनी बोलायला मनाई होती आणि खुणांची भाषा ती वसतिगृहात मोठ्या मुलींकडून शिकली. दोघींना एकच प्रसंग दिला: भाऊ कागद पुढे करतो. नावाजलेल्या अभिनेत्रीने फार सुंदर केलं. ओठ थरथरले, एक थेंब बरोबर नाकाच्या कडेने उतरला. मिरजेच्या मुलीने कागद हातात घेतला, वाचला, आणि उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. मग घडी घातली.

दिग्दर्शकाने विचारलं, उलटा का केलास? ती म्हणाली, 'मागेही लिहिलेलं असतं. मला कुणी सांगत नाही, म्हणून मी बघते.'

भूमिका तिला मिळाली. मोठे पैसे घालणारे गृहस्थ निम्म्यावर आले. पाच दिवसांचं शूटिंग चार दिवसांचं झालं.

नावाचा प्रश्न

मुलगी मुसलमान घरातली. घरी सगळे दखनी बोलतात, ती अर्थातच नाही. पटकथेतल्या नायिकेचं नाव हिंदू होतं. मी विचारलं, हिच्यासारखंच नाव ठेवूया का? बैठकीत शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, 'बहिरी, आणि वर मुसलमान? मग फिल्म कशावर आहे म्हणायचं?'

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, कारण ते बोलणारा सोडून आम्ही बाकीचेही तेच मनात म्हणत होतो. एका पात्राला एकच वेगळेपण. बधिर असेल तर बाकी सगळं 'साधं' हवं, आणि साधं म्हणजे काय हे आमच्यात कुणाला विचारायची गरज पडत नव्हती. वर कारणही सापडलं: वारसाहक्काचा कायदा बदलेल. कायदा वेगळा आहे हे खरं. पण मुसलमान घरातल्या मुलीलाही वाटा असतो आणि तिच्याकडूनही हक्कसोडपत्र लिहून घेतलं जातं. एका दुपारच्या वकिली सल्ल्याने पटकथेत बसलं असतं. आम्ही तो सल्ला घेतला नाही. नाव तेच राहिलं.

नंतर तिला विचारलं तेव्हा तिने खांदे उडवले. म्हणाली, फिल्ममधल्या नावाने तिला कुणी हाकच मारणार नव्हतं. तिचं खुणेचं नाव मैत्रिणींनी हनुवटीवरच्या तिळावरून ठेवलेलं आहे, आणि फिल्ममध्येही तिने तेच वापरलं. आम्हाला ते पहिल्या दिवशी संध्याकाळी कळलं.

चहावाला

कचेरीबाहेरच्या चहावाल्याचं पात्र होतं. आमचा एक मित्र ते वऱ्हाडीत करणार होता, कारण त्याची वऱ्हाडी नक्कल पार्ट्यांमध्ये चालते. गाव सातारा-सांगलीकडचं, तिथे वऱ्हाडी चहावाला कुठून आला, असलं काही कुणी विचारलं नाही. एकीला आवाज नाही आणि दुसऱ्याचा आवाज हसायला, हे ध्यानात आल्यावर आम्ही विनोद काढून टाकले. त्याजागी दुसरं काही लिहिलं नाही. चहावाला आता फिल्ममध्ये दोनदा चहा देतो. निरुपद्रवी झाला आणि निर्जीवही.

चार दिवस

पहिल्या दिवशी 'अॅक्शन' कसं म्हणायचं इथपासून सुरुवात होती. तिच्या नजरेच्या टप्प्यात एक छोटा दिवा ठेवला, तो लागला की सुरू. हे सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी दुभाषी नव्हती. ती आधी ठरलेल्या दुसऱ्या कामावर होती. तारखा ठरवताना आम्ही कॅमेरामनला विचारलं, लोकेशनच्या मालकाला विचारलं, लाइटवाल्याला विचारलं. तिला गृहीत धरलं. मग अभिनेत्रीसोबत आलेल्या तिच्या धाकट्या बहिणीला मध्ये उभं केलं. दिग्दर्शक समजावत होता, 'इथे तिला राग आलाय, पण वडील आठवतायत, म्हणून ती तो गिळते.' बहिणीने जे केलं त्याचा अर्थ पुढे कळला: 'रागाव. बाबा.' सहा टेक झाले. प्रत्येक टेकला अभिनेत्री आणखी रागावत गेली आणि दिग्दर्शक आणखी हळुवारपणे 'जरा जास्त होतंय' म्हणत गेला. ते 'जास्त होतंय' बहिणीने एकदाही पोचवलं नव्हतं. मोठ्या बहिणीला वाईट वाटेल म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत हे उलगडलं तेव्हा अर्धा दिवस गेला होता. घरच्या माणसाने मध्ये उभं राहून अर्धंच पोचवायचं, हे आम्ही फिल्ममध्ये भावाला करताना दाखवत होतो. सेटवर ते आम्हीच जुळवून आणलं होतं. बहिणीचा काही दोष नाही. सोळा वर्षांची पोर, मदत करायला आली होती. दुभाष्याची तारीख आधी आणि कॅमेऱ्याची नंतर, हा नियम मी तेव्हापासून पाळते. चार दिवसांचे दुभाषीचे पैसे आमच्या एका दिवसाच्या कॅमेरा-लाइटच्या भाड्याहून कमी होते.

तिसऱ्या रात्री लोडशेडिंगचा प्रसंग होता. पटकथेत लिहिलेलं: वीज जाते, कंदिलाच्या अंधुक उजेडात दोघी मैत्रिणी मनातलं बोलतात. लाइटवाल्याने फार देखणा अंधार केला होता. अभिनेत्रीने मॉनिटर पाहिला आणि दुभाषीला म्हणाली, 'अंधारात आम्ही बोलत नाही.' मग काय करता? तिने मोबाइलचा टॉर्च लावला, तो मैत्रिणीच्या हातात दिला आणि स्वतःच्या हातांवर धरायला सांगितला. बोलणं संपलं की बोलणारीने टॉर्च आपल्याकडे घ्यायचा आणि मैत्रिणीच्या हातांवर मारायचा. ज्याच्या हाती उजेड तो ऐकणारा. आम्ही कंदील विझवला आणि तसंच चित्रित केलं. फिल्म पाहिलेल्यांना बहुधा हाच प्रसंग आठवतो, आणि तो आमच्यापैकी कुणी लिहिलेला नाही.

ध्वनिमुद्रकाची वेगळीच गंमत. 'हिचं मला काही रेकॉर्ड करायचं नाही,' असं म्हणत तो निवांत आला होता. हेडफोन लावल्यावर त्याला ऐकू आलं: तळव्यावर तळवा आपटल्याचा आवाज, बांगड्या, जोर देताना सुटणारा श्वास, हसताना घशातून येणारा खरखरीत स्वर. पहिल्या दिवशी तो हे सगळं 'साफ' करायचं म्हणत होता. चौथ्या दिवशी त्याने तिच्या ब्लाउजच्या आत लेपल माइक लावायची परवानगी मागितली.

एडिटिंग टेबलावर

फिल्ममध्ये प्रतिनिधित्व म्हणजे पटकथा आणि कलाकार, अशी आमची समजूत होती. ती टेबलावर मोडली.

ऐकू येणाऱ्या माणसांचा संवाद कापायची एक रीत असते. एक बोलत असतो, आपण मध्येच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो, बोलणाऱ्याचा आवाज खाली चालूच राहतो. संकलकाचा हात त्या सवयीनेच चालतो. खुणांच्या संवादात असं केलं की वाक्य मध्येच तुटतं, कारण आवाज पुढच्या शॉटवर सरकवता येतो, हात सरकवता येत नाहीत. पहिल्या कटमध्ये नायिकेची सात वाक्यं अर्धीच होती. आम्हाला कुणालाही ते खटकलं नाही. सरांनी पाहिलं आणि विचारलं, हिला मध्येच कोण गप्प करतंय?

क्लोजअपचंही तेच. कॅमेरामनला चेहरे आवडतात, कुणाला आवडत नाहीत! पण गळ्याखाली फ्रेम कापली की बाईचं बोलणं कापलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने मॉनिटरवर पांढऱ्या टेपच्या चार पट्ट्या लावल्या होत्या: डोक्याच्या थोडं वर, कमरेपाशी आणि दोन्ही कोपरांच्या बाहेर. हात या चौकटीत राहिले पाहिजेत. त्यामुळे शॉट रुंद झाले, मागची भिंत दिसू लागली, भिंतीला रंग द्यावा लागला. पहिल्या दिवशीचं फुटेज मात्र टेपच्या आधीचं. त्यातलं बरंच टाकावं लागलं. काही टाकता आलं नाही.

आम्ही एडिटला बसलो असतानाच, ८ जुलै २०२४ रोजी, पडद्यावरच्या अपंग व्यक्तींच्या चित्रणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. अपंगत्वाला हसणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद यांत फरक करा, हिणवणारे शब्द टाळा, आणि ज्या अवस्थेचं चित्रण करता तिची नीट माहिती आधी घ्या. आंधळा माणूस वाटेतल्या वस्तूंवर आदळताना दाखवणं हे न्यायालयाने दिलेलं एक उदाहरण होतं. संकलकाने ग्रुपवर बातमी टाकली आणि खाली लिहिलं, 'ऑपरेशन काढलं म्हणून वाचलो.'

सबटायटल की आवाज

पैसे घालणाऱ्या गृहस्थांनी सुचवलं की नायिकेच्या हातांच्या संवादांवर एखाद्या चांगल्या अभिनेत्रीचा आवाज चढवूया, प्रेक्षक वाचायला येत नाही. मतदान घेतलं. सहा विरुद्ध पाच. एका मताने तिला दुसऱ्या बाईचा आवाज मिळता मिळता राहिला.

सबटायटल्स मी लिहायला घेतली. दुभाषीने मला खुणांचा क्रमवार तर्जुमा दिला होता: 'मी सही नाही.' 'नाव तुझं काय.' 'बाबा जमीन माझी पण.' मी तो जरा घासून-पुसून तसाच ठेवला, मला त्यात एक निरागस गोडवा वाटला. सर भडकले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. म्हणाले, हे आमचं बोलणं नाही, तुमच्या मराठीत मोडलेलं आमचं बोलणं आहे. तुम्ही इंग्रजी सिनेमाची सबटायटल्स लिहाल तेव्हा 'मी आहे जात घरी' असं लिहाल का?

पुन्हा लिहिलं. 'मी सही करणार नाही.' 'तुमचं नाव काय?' 'बाबांची जमीन माझीही आहे.' मग नवा प्रश्न आला, ही बाई मराठीत कशी बोलते? पुण्याची की साताऱ्याची? कारकुनाला अहो-जाहो, भावाला अरे-तुरे, मैत्रिणीला शिवी? अभिनेत्री आणि मी दोन संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बसलो. मी एकेक ओळ लिहून दाखवायचे, ती मान वाकडी करायची किंवा अंगठा दाखवायची. भावाला उद्देशून मी लिहिलं होतं, 'तू मला फसवलंस.' तिने लिहून पाठवलं, 'ताई एवढं गोड नाही. फसवतोस होय रे.' तेच ठेवलं. ऐकू येणाऱ्यांच्या संवादांनाही सबटायटल्स दिली, शिट्टी, एसटीचा हॉर्न, कारकुनाचं ओरडणं यांचीही नोंद घेतली. हात छातीशी आले की ओळ फ्रेमच्या वरच्या बाजूला न्यायची, एवढं एक काम उरलं होतं. ते फार वेळ खातं.

निष्पत्ती

फिल्म दोन महोत्सवांत लागली, बऱ्याच ठिकाणांहून परत आली. एका ठिकाणी अभिनेत्रीला प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर 'दिव्यांग कलाकार' असं छापलं होतं. बाकी सगळ्यांच्या कागदावर 'अभिनेता', 'अभिनेत्री' होतं. तिने ते घरी लावलं नाही. बहिणीने सांगितलं, ट्रंकेत आहे.

आमचा स्वतःचा पहिला खेळ दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होता. लिफ्ट नाही. सरांचे व्हीलचेअर वापरणारे दोन मित्र खालूनच परत गेले. हॉल स्वस्त होता, एवढंच कारण. आम्ही वर्षभर कान या एकाच विषयात बुडालो होतो आणि बाकी शरीरं विसरलो होतो. नंतरच्या चर्चेत दिवे मंद होते, त्यामुळे दुभाषीचे हात शेवटच्या तीन रांगांना दिसत नव्हते. टॉर्चचा प्रसंग आम्हीच तासाभरापूर्वी दाखवला होता.

पुन्हा करायचं झालं तर सरांना पटकथा लिहून झाल्यावर नाही, गोष्ट सुचते तेव्हा बोलवीन, आणि नाव श्रेयनामावलीत लेखकाशेजारी घालीन. आमच्याकडे ते 'विशेष आभार'मध्ये आहे. नावाच्या प्रश्नावर वकिलाकडे जाईन. चहावाल्याला एक गोष्ट देईन, नाहीतर काढून टाकीन. आणि एडिटिंगच्या पहिल्या दिवशी बधिर माणूस खोलीत असेल, सातव्या आठवड्यात नाही.

शाळेतला खेळ

सरांच्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना फिल्म दाखवली. ऐकू येणारे प्रेक्षक जिथे गंभीर होतात, तिथे ती पोरं खो खो हसली. कारकून 'मान्य आहे का?' म्हणून ओरडतो तिथे. तोंड एवढं मोठं, शिरा ताणलेल्या, आणि समजण्यासारखं काहीच नाही! दोघा-तिघांनी उठून त्याची नक्कल केली. टॉर्चच्या प्रसंगाला कुणालाच काही विशेष वाटलं नाही. ते रोजचंच.

फिल्म संपल्यावर नववीतली एक मुलगी पुढे आली आणि लॅपटॉपवर मागे न्यायला सांगितलं. चौदाव्या मिनिटाला एक शॉट आहे, पहिल्या दिवशीचा, जो टाकता आला नाही. नायिका दुकानाच्या दारात भावाला काहीतरी म्हणते. फ्रेम छातीशी कापलेली आहे, हात खाली राहिलेत. तिने विचारलं, इथे ही काय म्हणाली?

मी पटकथा काढली. त्या जागी नुसतं 'ती हातवारे करते' असं लिहिलेलं होतं. दिग्दर्शकाला आठवेना. मी तो तुकडा मिरजेला पाठवला. रात्री अभिनेत्रीचं उत्तर आलं: तिलाही आठवत नाही, पण कोपर ज्या बाजूला गेलंय त्यावरून बहुतेक 'उद्या'.

सबटायटलमध्ये तिथे मी 'बरं' लिहिलेलं आहे. महोत्सवांना गेलेल्या प्रतीत अजून तसंच आहे.